अमेरिकेचे मुस्लिम देशांविषयीचे धोरण आणि आपले मौन

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या पश्चिम आशियातील धोरणाविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी लक्षपूर्वक वाचतो. त्यांत दोन सूर प्रामुख्याने आढळतात. अमेरिका मुसलमानांना त्यांना कळणाऱ्या भाषेत उत्तर देत आहे आणि त्यात आपलाही फायदाच आहे, असे काही वाचकांना वाटते. अमेरिकेने इस्लामविरुद्धच युद्ध पुकारले आहे, असे इतर काहींचे म्हणणे आहे. दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक असले तरी या धोरणाच्या मुळाशी धर्म आहे हे दोघांनीही गृहीत धरले आहे, आणि नेमके तेच मला पटत नाही. सौदी अरेबियाच्या राजघराण्याशी १९४५ पासून घनिष्ठ मैत्री ठेवणाऱ्या आणि इराणच्या संसदेतून पुढे आलेल्या, कायद्याचे राज्य मानणाऱ्या पंतप्रधानाला १९५३ मध्ये पदच्युत करणाऱ्या देशाला इस्लामचे प्रेमही नाही आणि द्वेषही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या देशांतील लोकांनी आपले राज्यकर्ते स्वतः निवडावेत आणि आपल्या जमिनीखालच्या संपत्तीचे काय करायचे ते स्वतः ठरवावे, हा त्यांचा हक्क अमेरिकेने सोयीप्रमाणे कधी मान्य केला आणि बहुतेक वेळा पायदळी तुडवला. आणि त्यातून जी माणसे मेली, जे देश मोडले, त्यांचा जाब आजवर कोणालाही द्यावा लागलेला नाही.

इराणचे उदाहरण सविस्तर मांडणे आवश्यक आहे, कारण आजच्या अनेक प्रश्नांचे मूळ तेथे आहे. इराणचे तेल अर्धशतकाच्या आसपास एका ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात होते आणि इराणच्या पदरी त्यातला अगदी थोडा वाटा पडत असे. १९५१ मध्ये इराणच्या संसदेने या तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि मोहम्मद मोसादेघ पंतप्रधान झाले. ते युरोपात कायद्याचे शिक्षण घेतलेले, वयोवृद्ध, संसदीय पद्धतीवर निष्ठा असलेले गृहस्थ होते. ब्रिटनने इराणच्या तेलाची विक्रीच बंद पाडली, आणि तेवढ्याने काम भागेना तेव्हा अमेरिकेला मदतीस बोलावले. अध्यक्ष ट्रुमन यांनी ती मागणी मानली नव्हती; त्यांच्यानंतरचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मानली. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तचर संस्थांनी पैसे वाटून, वृत्तपत्रे विकत घेऊन, रस्त्यावर जमाव उतरवून आणि लष्करातील अधिकारी फोडून मोसादेघ यांचे सरकार पाडले. त्यांना तीन वर्षांची कैद झाली, त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, त्यांना आपल्या गावी नजरकैदेत ठेवण्यात आले. इराणचे राजे मोहम्मद रझा शहा यांची सत्ता बळकट झाली, आणि १९५४ मध्ये तेलाचा जो नवा करार झाला त्यात अमेरिकी कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला. ही कोणा कडव्या विरोधकाने रचलेली कथा नव्हे. २००० मध्ये परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी, २००९ मध्ये कैरो येथील भाषणात अध्यक्ष ओबामा यांनी, आणि २०१३ मध्ये खुल्या झालेल्या सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या कागदपत्रांनी याला दुजोरा दिलेला आहे.

पुढच्या पंचवीस वर्षांत शहांच्या ‘सावाक’ या गुप्त पोलिसांनी राजकीय पक्ष, कामगार संघटना, वृत्तपत्रे, विद्यार्थी चळवळी, सर्वांचा आवाज बंद केला. ज्या समाजात सभा भरवता येत नाही, पत्रक छापता येत नाही, त्या समाजात लोकांना एकत्र जमण्यासाठी मशिदीखेरीज जागा उरत नाही. आणि १९७९ मध्ये जेव्हा लोक उठले, तेव्हा संघटित असा एकच वर्ग शिल्लक होता, तो धर्मगुरूंचा. आज तेथील राजवट स्त्रियांवर जे अत्याचार करते, २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतील मृत्यूनंतर त्या राजवटीने आपल्याच मुलींवर ज्या गोळ्या झाडल्या, त्यांचे समर्थन मी कदापि करणार नाही. पण इराणी मुलींच्या दुःखाचा आधार घेऊन त्या देशावर बॉम्ब टाकण्याचे समर्थन जे करतात, त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की इराणी लोकांनी संसदेच्या मार्गाने उभे केलेले सरकार कोणी पाडले होते.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना ही रीत अनोळखी वाटू नये. शाळेत १८५७ शिकवतात, १८४३ विषयी मात्र आपल्या मुलांना कोणी चार वाक्येही सांगत नाही, म्हणून येथे लिहितो. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले आणि त्यांच्या अल्पवयीन विधवा ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतले. राज्यकारभार कोणी पाहावा याविषयी दरबारात दोन तट पडले. गव्हर्नर जनरल एलनबरो यांना जो कारभारी हवा होता त्याला दूर सारून दरबाराने दादा खासगीवाले यांच्या हाती सूत्रे दिली. ग्वाल्हेरात बेबंदशाही माजली आहे, सतलजपलीकडे शिखांचे मोठे सैन्य असताना पाठीशी असे बेभरवशाचे राज्य ठेवणे धोक्याचे आहे, असे कारण पुढे करण्यात आले. दादा खासगीवाल्यांना हवाली करा, अशी मागणी झाली. दरबाराने त्यांना हवालीही केले. तरीही ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा चंबळ ओलांडून आल्या. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी लढाया झाल्या आणि जानेवारी १८४४ च्या तहाने आमच्या राज्याचे सैन्य ९,००० वर आणले, कंपनीच्या हुकमतीखालील फौज, म्हणजे कंटिंजंट, वाढवली, तिचा खर्च आमच्याच मुलखाच्या वसुलातून लावून दिला, आणि कारभारी मंडळाने रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीच्या, सल्ल्याने वागावे असे ठरवले. आधी अनागोंदीचा बोभाटा, मग मागणी, मागणी पूर्ण झाली तरी चढाई, आणि शेवटी त्यांच्याच पैशाने त्यांच्यावर पहारा, हा क्रम ज्याने आपल्या शहराच्या इतिहासात वाचला आहे, त्याला २००३ चा इराक समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्याच कंटिंजंटने जून १८५७ मध्ये मुरारच्या छावणीत बंड केले, हेही सांगितले पाहिजे. परक्यांनी उभी केलेली हत्यारबंद माणसे कायम त्यांचीच राहतात, असे होत नाही.

इराकविषयी फार लिहीत नाही, कारण मुख्य गोष्टी सर्वविदित आहेत. फेब्रुवारी २००३ मध्ये सुरक्षा परिषदेत जी संहारक अस्त्रे असल्याचे छातीठोकपणे सांगितले गेले, ती अमेरिकेच्याच शोधपथकाला सापडली नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ती चढाई बेकायदेशीर ठरवली. मात्र एका निर्णयाकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. मे २००३ मध्ये बगदादमधील अमेरिकी प्रशासनाने इराकचे संपूर्ण सैन्य एका आदेशाने बरखास्त केले. काही लाख शस्त्रे चालवू शकणारी माणसे एका दिवसात बेरोजगार झाली. त्यांतल्या अनेक अधिकाऱ्यांनी पुढे ‘इस्लामिक स्टेट’च्या लष्करी रचनेत महत्त्वाच्या जागा घेतल्या, आणि जून २०१४ मध्ये उत्तर इराकमधील मोसुल शहर त्या संघटनेच्या हाती पडले. त्या वेळी मोसुलमध्ये बांधकामावर राबणारे भारतीय मजूर पळवले गेले. त्यांतील ३९ जणांची हत्या झाली. त्यांत बहुतेक पंजाबातील गरीब घरांतले होते. त्यांच्या घरच्यांनी जवळजवळ चार वर्षे आशेवर काढली आणि मार्च २०१८ मध्ये सुषमा स्वराज यांनी संसदेत त्यांच्या मृत्यूची घोषणा केली. त्यांना मारणारे नराधम होते, यात शंका नाही. पण त्या नराधमांना शहरे काबीज करण्याइतके बळ कशातून मिळाले, हा प्रश्न आपण विचारायचा की नाही? ‘तिकडचे ते पाहून घेतील’ असे लिहिणाऱ्या वाचकांनी त्या ३९ घरांचा एकदा विचार करावा.

आपल्या शेजाऱ्याबाबतही हेच घडले. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या. बंगाली मुसलमानांनी आणि हिंदूंनी मिळून दिलेला तो कौल पाकिस्तानचा लष्करी शासक याह्याखान याच्या सैन्याने रक्तात बुडवला. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी वॉशिंग्टनला तार पाठवून आपल्याच सरकारचा निषेध नोंदवला. लोकशाही दडपली जात असताना आपण गप्प बसलो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना त्या काळात पाकिस्तानच्या मध्यस्थीने चीनशी संधान बांधायचे होते. म्हणून ब्लड यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली आणि डिसेंबरात अमेरिकेच्या सातव्या आरमाराची नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तीही आपल्याविरुद्ध. ‘इस्लामशी लढणारी अमेरिका’ तेव्हा कोठे होती? मुसलमान मारले जात होते, हिंदू मारले जात होते, आणि मारणाऱ्याच्या पाठीशी ती उभी होती. या इतिहासात ब्लड यांच्यासारखी अमेरिकी माणसेही होती, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण माझे भांडण अमेरिकी जनतेशी नाही.

पुढे पाकिस्तानात जनरल झियांनी पंतप्रधान भुट्टोंचे सरकार उलथून त्यांना फासावर चढवले, तरी अफगाणिस्तानात सोविएत फौजा शिरल्यावर १९८१ मध्ये त्याच झियांना सहा वर्षांसाठी ३२० कोटी डॉलरची मदत मंजूर झाली. पाकिस्तान अणुबॉम्ब करत आहे अशी शंका अमेरिकी संसदेला होती. म्हणून १९८५ मध्ये असा कायदा झाला की त्या देशाकडे अणुबॉम्ब नाही असे अध्यक्षांनी दर वर्षी प्रमाणित केल्याशिवाय मदत देऊ नये. सोविएत फौजा अफगाणिस्तानात होत्या तोवर ते प्रमाणपत्र दर वर्षी मिळत राहिले. त्या परतल्या, आणि ऑक्टोबर १९९० मध्ये प्रमाणपत्र थांबले. या दशकात पाकिस्तानी लष्कराच्या हाती जो पैसा, जी शस्त्रे आणि जिहादी टोळ्या चालवण्याचा जो अनुभव आला, त्याचा पुढचा भार काश्मीरने वाहिला. अमेरिकेमुळे आपला फायदा होतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

आणखी एक गोष्ट मला अतिशय अस्वस्थ करते. बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी सीआयएने २०११ मध्ये ॲबटाबादमध्ये एका डॉक्टरकरवी यकृतशोथाच्या (हिपॅटायटिस-बी) लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. ज्याने हजारो निरपराध माणसे मारवली त्याला शोधण्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ते उघड झाल्यावर पाकिस्तानच्या सरहद्दीकडील भागांत लस टोचणारा प्रत्येक माणूस हेर ठरला, तालिबानने मोहिमांवर बंदी घातली, आणि घरोघर जाऊन बाळांच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब घालणाऱ्या कार्यकर्त्यांवर, त्यांत बऱ्याचशा स्त्रिया, गोळ्या झाडल्या गेल्या. आमच्याकडे पल्स पोलिओच्या दिवसांत अंगणवाडीच्या ताई निळ्या खोक्यात बर्फावर लस घेऊन गल्लोगल्ली फिरत, दारावर खडूने खूण करत, मुलाच्या करंगळीला शाई लावत. त्या साध्या बायांवर लोकांनी ठेवलेल्या विश्वासाच्या जोरावर भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. तोच विश्वास शेजारच्या देशात एका कारवाईसाठी खर्ची घातला गेला. २०१४ मध्ये अमेरिकेने, यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही, असे आश्वासन दिले. पोलिओचा मूळ नैसर्गिक विषाणू आजही ज्या दोन देशांतून हटलेला नाही ते पाकिस्तान आणि अफगाणिस्तान आहेत. यामागे इतर कारणेही आहेत, हे मला मान्य आहे. पण या कारणाकडे डोळेझाक करता येणार नाही.

जबाबदारीचा प्रश्न मी वर उपस्थित केला, त्याचे एक उदाहरण देतो. ३ जुलै १९८८ रोजी बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराणचे प्रवासी विमान अमेरिकी युद्धनौकेने क्षेपणास्त्र डागून पाडले. त्यातील सर्व २९० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ६६ मुले होती आणि १० भारतीयही होते. आठ वर्षांनी, कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता, भरपाईची रक्कम देण्यात आली. त्या नौकेच्या कप्तानाला मात्र १९९० मध्ये सेवेबद्दल पदक मिळाले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल सोडता सोडता अमेरिकेने ड्रोन हल्ल्यात दहा निरपराध माणसे मारली, त्यांत सात मुले होती. चूक कबूल झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. आणि गाझामधील युद्धबंदीच्या ठरावांवर सुरक्षा परिषदेत वारंवार नकाराधिकार वापरणाऱ्या याच देशाने, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध अटक वॉरंट काढल्यावर, त्या न्यायालयाच्याच न्यायाधीशांवर निर्बंध लादले.

निर्बंध म्हटले की आपल्याला वाटते, ते दूरच्या देशांचे प्रकरण. आमच्या जिल्ह्यातील डबऱ्याच्या मंडीत धानाच्या हंगामात एकदा जाऊन पाहावे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, बोली चालू असते, आणि बासमतीचा भाव का पडला असे विचारले तर आडत्या वर न पाहता सांगतो, “ईरान की पेमेंट अटकी है.” हे बोलणे पोकळ नाही. भारत इराणकडून तेल घेई आणि त्याचे पैसे रुपयांत युको बँकेतील खात्यात जमा करी. त्याच रुपयांतून इराण आपल्याकडून बासमती, चहा आणि औषधे विकत घेई. आपला अणुकार्यक्रम मर्यादित ठेवण्याच्या २०१५ च्या अणुकराराचे इराणने पालन केल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था वेळोवेळी सांगत असतानाही अमेरिकेने मे २०१८ मध्ये तो करार मोडून इराणवर पुन्हा निर्बंध लादले, आणि मे २०१९ मध्ये त्यांतून दिलेल्या तात्पुरत्या सवलती संपल्यावर भारताला इराणचे तेल घेणे थांबवावे लागले. तेल थांबले तसा त्या खात्यात येणारा रुपयाही आटला, आणि आपल्या बासमतीचे तेव्हाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अडचणीत आले. हा निर्णय ना भारताच्या संसदेने घेतला होता ना संयुक्त राष्ट्रांनी. ज्या शेतकऱ्याने उधारीवर खत घेऊन धान पिकवले, त्याला वॉशिंग्टनमधील एका सहीची किंमत मोजावी लागली.

अमेरिकेने नेहमीच अन्याय केला, असे म्हणणे खोटे ठरेल. १९५६ मध्ये इजिप्तवर चालून गेलेल्या ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांना याच आयझेनहॉवर यांनी माघार घ्यायला लावली; बोस्नियातील मुसलमानांचा संहार, फार उशिरा का होईना, १९९५ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने थांबला. न्यायाची बाजू घेण्याची ताकद त्या देशात आहे हे यातून दिसते, आणि म्हणूनच ती ताकद इतर वेळी ज्या कामी लावली गेली त्याचा राग अधिक येतो.

आता आपल्या देशाविषयी. २००३ मध्ये अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्याची एक पूर्ण डिव्हिजन मागितली होती. त्या वेळी पंतप्रधान होते ते आमच्या शिंदे की छावणीत जन्मलेले आणि १९७१ मध्ये याच ग्वाल्हेरमधून लोकसभेवर गेलेले अटलबिहारी वाजपेयी. अमेरिकेशी मैत्री वाढावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती आणि त्यांच्या सरकारात सैन्य पाठवावे असे मानणारेही होते. तरीही एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरील चढाईची निंदा करणारा ठराव संमत केला, आणि १४ जुलै रोजी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवता येणार नाही असे जाहीर केले. त्यामुळे आपली मैत्री तुटली नाही. पाच वर्षांनी त्याच बुश प्रशासनाने भारताशी अणुकरार केला. आपल्या जवानांना मात्र फलुजा-मोसुलच्या गल्ल्यांत परक्यांच्या युद्धासाठी मरावे लागले नाही.

म्हणून माझी आपल्या दैनिकाद्वारे मध्य प्रदेशातील सर्व पक्षांच्या खासदारांना विनंती आहे की, कोणत्याही देशावर सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय हल्ला झाला, किंवा एखाद्या परदेशी सरकारच्या एकतर्फी निर्बंधांमुळे आपल्या शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे नुकसान झाले, तर त्यावर लोकसभेत चर्चा मागावी आणि २००३ प्रमाणे ठरावाच्या रूपाने देशाचे मत नोंदवावे. इराणशी धान्य आणि औषधे यांचा व्यवहार रुपयांत सुरू राहावा यासाठी बँकांची कायमस्वरूपी व्यवस्था करावी, अशी मागणीही त्यांनी लावून धरावी. आपल्यालाही एक विनंती: पश्चिम आशियाच्या बातम्या देताना पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या जोडीला तेहरान, बगदाद, कैरो आणि काबूल येथे राहून लिहिणाऱ्या तेथील पत्रकारांचे लेखनही अनुवाद करून छापावे.

आपला,
एक नियमित वाचक
लष्कर, ग्वाल्हेर